अर्धा सूर खाली

ओदिलची मी आधी पाठच पाहिली. सत्तावन्न सालचा नोव्हेंबर. बाहेर भुरभुर पाऊस. नदीजवळच्या कॅफेत टेलिफोनसाठी मी तिच्यामागे उभा होतो. ओला कोट, आखूड केस, आणि पाय एका जागी ठरत नव्हते. टेलिफोनची तार ताणून ती जमेल तेवढ्या येरझाऱ्या घालत होती. पलीकडे तिचा पियानोवाला होता. जिन्यावरून पडून त्याने मनगट मोडून घेतलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला तिला एका मोठ्या थिएटरच्या मालकासमोर गायचं होतं. सहा वर्षं तळघरातल्या कॅबरेत चाळीस माणसांपुढे गाऊन ही एक संधी आली होती.

ती वळली तेव्हा मी म्हणालो, मी वाजवतो पियानो.

"पॅरिसमध्ये सगळेच वाजवतात. कुठे?"

"लहान मुलींच्या नाचाच्या वर्गात."

तिने मला नीट न्याहाळलं. "बरं... निदान धडपडणाऱ्यांची सवय असेल तुम्हाला."

संध्याकाळी सराव केला. शेवटच्या कडव्यात एक सूर फार उंच होता. तीनदा गायली, दोनदा आवाज चिरकला. पावसाने घसा धरला होता. उद्या ठीक होईल म्हणाली. गाताना ती पियानोभोवती फिरायची, आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात मीही चुकत होतो.

सकाळी थिएटरात तिचा चेहरा पांढराफटक होता. मी तिला न विचारता गाण्याची पट्टी अर्ध्या सुराने खाली घेतली. तो सूर सहज लागला. मालकाने तिला एप्रिलचे तीन आठवडे दिले.

बाहेर आल्यावर ती हसेल असं मला वाटलं होतं.

"पहिल्याच सुराला कळलं मला," ती म्हणाली. "थांबले असते तर गाणं मोडलं असतं. तुम्हाला वाटलं, हिला जमणार नाही."

खोटं बोलता आलं असतं. "हो... वाटलं."

"असल्या माणसाबरोबर मी स्टेजवर चढणार नाही." आणि ती चालू लागली, मागे न बघता.

दोन आठवडे मला झोप नव्हती. जेवायला बसायचो आणि उठायचो. वर्गात हात भलतीकडेच पडायचे. नाच शिकवणाऱ्या मादाम व्होक्लँ म्हणाल्या, मस्यू फेर्नां, या मुली नाचायला आल्यात, प्रेतयात्रेला नाही. रोज कॅबरेच्या दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. आतून दुसऱ्याच कुणाचा पियानो ऐकू यायचा. तो माझ्याहून बरा वाजवायचा, हे जास्त लागायचं.

एका गुरुवारी दुपारी ती वर्गात आली आणि मुलींच्या आया बसायच्या त्या बाकावर बसली. मुली बूट बदलू लागल्या तेव्हा पियानोशी येऊन म्हणाली, माझं गाणं माझ्या पट्टीत वाजवा. मी वाजवलं. शेवटच्या कडव्यात आवाज चिरकला. आयांचं विणकाम थांबलं. एक मुलगी फिदकन हसली.

"तुमचं बरोबर होतं," ओदिल म्हणाली. "पण विचारायचं होतं."

"तुम्ही नाही म्हणाला असतात."

"हो. आणि पडले असते. पण माझी मी पडले असते."

मी पियानोच्या पट्ट्यांकडे बघत राहिलो. "गाण्यासाठी नाही उतरवलं मी ते. तुम्ही पडलेलं मला... बघवलं नसतं."

तिने हातमोजा काढला, परत घातला.

"मग शिका बघायला," ती हळूच म्हणाली. "एप्रिलमध्ये माझ्याबरोबर यायचं असेल तर."

एप्रिलमधल्या पहिल्या रात्री थिएटरात दोन हजार माणसं होती. विंगेत मी पट्टी विचारली. "माझी," ती म्हणाली. शेवटच्या कडव्याआधी तिचा श्वास आखूड पडलेला मला ऐकू आला. बोटं खाली सरकू बघत होती. मी सरकू दिली नाहीत. आवाज चिरकला. वरच्या सज्जातून कुणीतरी हेटाळणीची शिट्टी मारली. मी थांबलो नाही. तेच सूर पुन्हा पुन्हा वाजवत तिची वाट बघत राहिलो. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, हसली, आणि कडवं परत सुरुवातीपासून घेतलं. या वेळी सूर लागला. जरा खरखरीत, पण तिचा.

पुढची एकतीस वर्षं ती गात राहिली, मी वाजवत राहिलो. फेब्रुवारीत ती गेली. भेटायला येणारे त्या रात्रीच्या गाण्याबद्दल विचारतात. मला पडदा पडल्यानंतरचं आठवतं.

"भीती वाटली?" तिने विचारलं.

मी हात पुढे केले. थरथरत होते. तिने ते धरले. तिचेही थरथरत होते.

"तरी उतरवलं नाहीस."

"नाही."

"मग... लग्न करशील माझ्याशी?"

मी हो म्हणालो. बाहेर टाळ्या चालूच होत्या, तिला ऐकू गेलं नाही. ती अजून माझ्या तोंडाकडेच बघत होती. मग मी मोठ्याने म्हणालो, आणि विंगेतल्या सगळ्यांनी वळून पाहिलं.