उलटवलेले डोळे

आमची खोली तळघरात होती, बिनखिडकीची, उजव्या भिंतीत एकच दार. वर पाच प्रयोगशाळा, सगळ्या डोळ्यांवर संशोधन करणाऱ्या, आणि त्या पाचांची आकडेमोड आम्हा दोघांकडे. प्रत्येकाला उत्तर कालच हवं असायचं. माझ्या सहकाऱ्याला सगळे 'काटेकोर' म्हणत.

रुग्णाने एका डोळ्याने समोर बघायचं, दिवा चमकला की बटण दाबायचं. न दिसलेल्या दिव्याच्या जागी नकाशावर काळा ठिपका. डाव्या डोळ्यांचे नकाशे आरशातल्यासारखे उलटवून मगच उजव्यांत मिसळायचे.

त्या दुपारचा गठ्ठा सगळा डाव्या डोळ्यांचा. मी एकत्र केला, तर ठिपके उजवीकडे साचलेले. उभा, सरळ कडांचा चौकोन.

"आजाराला कोपरे नसतात," मी म्हटलं.

"उलटवायचे राहिले असतील, ताई."

"एकवीस वर्षांत राहिले नाहीत."

"मग आज मुहूर्त लागला."

राहिलेच होते. उलटवले. चौकोन डावीकडे सरकला. मी जेवायला उठले.

उजवीकडे दार नव्हतं. नुसती रंगवलेली, थंड भिंत. डावीकडची कपाटं जागच्या जागी.

मी वर फोन लावला. "आम्ही अडकलोय."

"कामात ना? आम्हीपण," म्हणून पलीकडच्याने ठेवून दिला.

काटेकोरने नकाशे होते तसे केले. दार आलं. पुन्हा उलटवले. गेलं. परत फिरवले. आलं.

"चुकीचेच पाठवू," मी म्हटलं.

"यावर औषध ठरणार आहे, ताई. कुणाचा चांगला डोळा जायचा." तो खुर्चीत बसला. "तुम्ही बाहेर व्हा. दार धरून ठेवा. मी दुरुस्त करतो, पाठवतो, आलोच."

मी दोन्ही हातांनी दार धरलं. आत कळ दाबल्याचा आवाज आला.

माझे तळवे भिंतीला टेकलेले होते.

भिंत फोडून घेतली. मागे माती निघाली.

अहवाल मात्र वर वेळेवर पोचला होता. पुढचेही पोचत राहिले. कुणाची तक्रार नव्हती. उलट, हल्ली काम चोख होतं म्हणाले.

मला निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली. परवा वरच्या प्रयोगशाळेतली बाई भेटायला आली, ताजा अहवाल घेऊन. आकडे बरोबर होते. खाली दोन सह्या. तयार करणारा, तो. तपासणारी, मी.

सही माझीच. यंदा हात थरथरायला लागलाय, तशीच थरथरलेली.