तीन नंबरला लाइन हवी होती

लाइट जाऊन तास झाला होता. आम्ही चौघं भावंडं जिन्यात बसलो होतो आणि सर्वांत वरच्या पायरीवर मामा. माझ्या धाकट्या भावाने टॉर्च हनुवटीखाली धरून दात दाखवले, तेव्हा मामाने ती काढून घेतली आणि विझवली.

"बॅटरी वाचव. असले दात बघून कुणी घाबरत नसतं."

"मग तू घाबरव," ताई म्हणाली. "पण खरी गोष्ट हवी. मागची ती हडळ मला पहिल्या मिनिटातच कळली होती."

मामाने तीस वर्षं टेलिफोनच्या लाइनी दुरुस्त केल्या आहेत. बोलताना त्याची बोटं नेहमी काहीतरी पिळत असतात, वायरीला पीळ देतात तशी. आता ती थांबली.

"खरीच आहे," तो म्हणाला. "माझ्या मित्राची. त्याने मला एकदाच सांगितली. मीही एकदाच सांगणार."

त्या मित्राला सगळे पक्कड म्हणत. एखादा बिघाड हाती लागेपर्यंत तो सोडायचा नाही, म्हणून. मागच्या वर्षी चौदा नोव्हेंबरला, गुरुवारी, पक्कड एका कोळशाच्या खाणीवर निघाला. काम साधंच होतं. खाण डोंगराच्या घळीत, तिथे मोबाइलला रेंज नाही. म्हणून खाणीच्या तोंडाशी असलेल्या खोलीतलं कॉम्प्युटर अजूनही टेलिफोनच्या तारेवरून शहरातल्या कचेरीला डायल करायचं. त्या डायलिंगचं काहीतरी बिनसलं होतं.

"डायल-अप? अजून?" मावसभावाला हसू आवरेना. "मामा, ही भुताची गोष्ट आहे की म्युझियमची?"

"हस. आधी तुझा मोबाइल जमिनीखाली दोनशे मीटर नेऊन लावून दाखव, मग हस."

मग मामाने आम्हाला ती व्यवस्था समजावली. खाणीत विषारी गॅस मोजायचा मीटर असतो. दर पंधरा मिनिटांनी त्याचा आकडा वरच्या मशीनकडे येतो. मशीनवर लिनक्स. कुणी काही पाठवायला दिलं की ते आपणहून मोडेमला उठवतं, मोडेम फोन लावतो, आकडा जातो, फोन बंद. माणसाची गरजच नाही. आणि आकडा पंधरा मिनिटांत पोहोचला नाही, तर मशीन आपोआप भोंगा वाजवतं. भोंगा झाला की खालची सगळी माणसं काम टाकून वर येतात.

"त्या आठवड्यात भोंगा तीनदा वाजला होता," मामा म्हणाला. "तिन्ही वेळा रात्रीच. तिन्ही वेळा खाली काहीही नव्हतं."

पक्कडचा सख्खा धाकटा भाऊ त्याच खाणीत रात्रपाळीला होता. दहा वाजता दिवा लावलेलं हेल्मेट काखेत मारून तो खोलीत डोकावला.

"दादा, तुझं ते खोकं आज नीट कर बाबा. अजून एकदा फुकटचा भोंगा झाला तर रात्रपाळीच बंद करणार म्हणतायत."

"मग घरी झोप की."

"झोपतो ना. पोरीला तू सांभाळ, वहिनीला विचारून." तो हसला. "नीट कर रे. खरंच सांगतो. दुसरं काम नाही माझ्याकडे."

"जा, भोंगा वाजणार नाही. माझा शब्द."

धाकटा खाणीच्या लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली गेला. खोलीत पक्कड आणि म्हातारा पहारेकरी, दोघेच उरले.

पक्कडने शिस्तीत सुरुवात केली. आधी तार तपासली. खरखर नाही. मोडेम बदलून सोबत आणलेला लावला. सॉकेटमधली गंजलेली पट्टी घासली. आकडे जात होते. अकरा, सव्वाअकरा, साडेअकरा. दर वेळी मोडेम किरकिरायचा, शीळ घालायचा, काम करून गप्प बसायचा. पहारेकऱ्याने स्टोव्हवर दोनदा चहा केला. बारा वाजले. एक वाजला. दोनचा आकडाही सुखरूप गेला.

"साहेब, आता घरी जा," पहारेकरी म्हणाला. "झालं ना."

"तिन्ही वेळा किती वाजता झालं होतं?"

पहारेकऱ्याने कप खाली ठेवला. "भोंगा अडीचला. पण हे यंत्र दोन दहालाच किरकिरायला लागायचं."

घड्याळात दोन नऊ झाले होते.

मोडेमचा दिवा लागला.

आकडा पाठवायची वेळ नव्हती. कुणी कळ दाबली नव्हती. तरी मोडेमने फोन लावला. शीळ सुरू झाली... आणि थांबेचना. पलीकडे ओळख पटत नव्हती, जोडणी पुरी होत नव्हती, फोन खालीही ठेवला जात नव्हता. लाइन तशीच अर्धवट अडकून राहिली.

पक्कड मात्र खूश झाला. बिघाड सापडला होता! लाइन अशी अडकली की सव्वादोनचा आकडा जाणार नाही, आणि अडीचला भोंगा. आता फक्त फोन लावायला कोण सांगतंय, एवढंच बघायचं होतं. मशीन सगळं लिहून ठेवतं. त्याने नोंद उघडली.

"मागणी तीन नंबरकडून," तो वाचत म्हणाला. "एक नंबर हे मशीन. दोन नंबर खालचा मीटर. बाबा, हे तीन नंबर कुठेय?"

पहारेकऱ्याने स्टोव्ह बारीक केला.

"अहो, तीन नंबर?"

"खाली... तीन नंबरच्या बोगद्यात."

"मग दाखवा."

"दाखवता यायचं नाही, साहेब. तो बोगदा बंद आहे. अकरा वर्षं झाली."

अकरा वर्षांपूर्वी त्या बोगद्यात आग लागली होती. आग पसरू नये म्हणून तोंडाशी भिंत घातली. आत एक जण राहिला होता. तेव्हा मीटर नव्हता, गॅस मोजायला माणसं असायची, आणि हा तिथला मोजणीवाला. तो आतल्या कॉम्प्युटरवरून आकडे वर पाठवत होता. भिंत पुरी होईपर्यंत पाठवत होता.

"भिंत पुरी कधी झाली?" ताईने हळूच विचारलं.

"तू विचारलंस तसंच पक्कडनेही विचारलं," मामा म्हणाला. "रात्री दोन दहाला."

पक्कडने मशीनच्या मागे हात घातला. वायरींच्या पेटीत तीन भोकं. पहिल्यात वायर. दुसऱ्यात वायर. तिसरं रिकामं. वर भिंतीतून एक जुनी वायर आली होती, वीतभर. पुढे कापलेली. टोकाला काळी टेप.

भुताखेतावर त्याचा विश्वास नव्हता. खोटा पत्ता सांगणारी मशीनं त्याने ढिगाने पाहिली होती. दोन तेरा झाले होते. त्याने फोन तोडला आणि मशीनमध्ये एका ओळीचा नियम लिहिला. तीन नंबरने मागितली तर लाइन द्यायची नाही.

सव्वादोन वाजले. मोडेम किरकिरला. आकडा गेला.

"गेला!" पक्कडने मांडीवर थाप मारली.

"साहेब," पहारेकरी म्हणाला, "त्याला लाइन घेऊ द्या."

"कुणाला?"

"वाजू दे भोंगा. आजची रात्र वाजू दे."

"आणि उद्या माझा भाऊ घरी बसू दे?"

पहारेकरी पडद्याकडे बघत होता. पक्कडनेही पाहिलं.

तीन नंबर. नाकारलं.

तीन नंबर. नाकारलं.

आधी मिनिटाला एक ओळ येत होती. मग दहा सेकंदांना एक. मग सेकंदाला एक. पडदा भरला. वर सरकला. पुन्हा भरला.

अडीचचा आकडाही गेला. मीटर म्हणत होता, गॅस नाही. मीटर मोठ्या बोगद्यात होता, त्या भिंतीपासून लांब.

तीन नंबर. तीन नंबर. तीन नंबर...

पक्कडचा हात कीबोर्डवर गेला. नियम काढायला एक क्षण पुरला असता. त्याने हात तसाच धरून ठेवला. त्याने भावाला शब्द दिला होता.

दोन सदतीसला ओळी थांबल्या.

काही नाही. स्टोव्हचा आवाज. बस.

"बघा," पक्कड म्हणाला. "दमला शेव—"

पायाखालची फरशी हलली. एकदाच. चहाचा कप टेबलाच्या कडेपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.

मामा थांबला. माझा धाकटा भाऊ मला चिकटून बसला होता. मावसभाऊ हसत नव्हता.

"भिंतीला तडा गेला होता," मामा म्हणाला. "मागे अकरा वर्षांचा गॅस कोंडलेला. तो बाहेर येऊन पेटला. सात माणसं वर आली नाहीत."

"आणि त्याचा भाऊ?"

मामाने नुसती नकाराची मान हलवली. अंधारातही ते मला दिसलं.

एकोणिसाव्या दिवशी माणसं त्या बंद बोगद्यात पोहोचली. वायरी ओळखायला पक्कडला खाली नेलं. टेबल होतं. त्यावर जुनं कॉम्प्युटर होतं. त्याला वीज नव्हती, तार नव्हती. सगळ्यावर बोटभर जाड काळी राख बसलेली. पडद्यावर राख. खुर्चीवर राख. कीबोर्डवर राख, एकही अक्षर दिसत नव्हतं.

फक्त आकडा पाठवायची ती एक कळ... ती तेवढी पुसलेली होती. कोरी. चकचकीत.