चंद्रावरची आडवी उतरंड

"दिवाळीत तर अमावास्या! मग सदाशिवकाका दिवाळीच्या सुट्टीत चंद्र दाखवणार होते, तो कुठून?" मुंबईहून काकांकडे सुट्टीला आलेल्या विठूने विचारले.

"तेच तर कळत नाही रे!" शेजारचा बाबू म्हणाला.

राही ओटीवर परात पुसत बसली होती. सदाशिवमास्तर तिचे वडील. रत्नागिरीच्या शाळेत ते चित्रकला शिकवीत. भाद्रपदात तापाचे निमित्त झाले आणि ते गेले. जाण्यापूर्वी शाळेच्या पडवीतल्या भिंतीवर त्यांनी चंद्रावरचे एक प्रचंड गोल कडे रेखाटले होते. त्या कड्याच्या आत, एकापेक्षा एक लहान होत जाणाऱ्या खळग्यांची वाकडी ओळ होती. 'आडवी उतरंड' हे नाव त्यांनीच तिला दिले होते.

कोजागरीला हेडमास्तरांनी शाळेची दुर्बीण पटांगणात मांडून साऱ्या गावाला चंद्र दाखवला. तो चांदीच्या ताटासारखा लखलखत होता. पण ना कडे, ना उतरंड! "मास्तरांना तापात भास झाला असावा," हेडमास्तर सर्वांसमोर हसून म्हणाले. राहीची आई, सावित्रीबाई, दुधाला ओठ न लावताच घरी परतली. आता सुट्टी संपण्यापूर्वी त्या भिंतीला चुना लागणार होता.

"चित्र पुसलं तर पुसू दे," राही म्हणाली, "पण बाबांना भास झाला म्हणतात, ते सोसवत नाही."

"मग शोध लावू या!" विठू उठलाच. "कडं होतं केवढं?"

"बाबा म्हणत, एका काठावर रत्नागिरी ठेवली तर समोरच्या काठावर मुंबई येईल."

"बाप रे! म्हणजे बोटीत ओकत ओकत मी आलो, तेवढं?"

राही कितीतरी दिवसांनी हसली. तिने परातीत तांदळाचे पीठ पसरले आणि वरून सुपारी टाकली. धप्प! खळगा पडला आणि भोवती कडे उठले.

"फार प्राचीन काळी आकाशातून धोंडा आदळला आणि असं झालं, असं बाबांचं मत. कुणी म्हणतात ज्वालामुखी. पंडितांचं भांडण अजून मिटलेलं नाही."

बाबूने त्या कड्यावर चणे टाकले. "हे बघ, मोठं कडं मोडून लहान खळगे बसले! म्हणजे मोठं म्हातारं आणि लहान ते पोरसवदा!"

"मेल्यांनो, पिठाची नासाडी कसली करता?" सावित्रीबाई पणती घेऊन आली आणि परातीवर वाकली. पणती वर असताना सारे पीठ सपाट दिसले. तिने ती परातीशेजारी जमिनीवर ठेवली मात्र, प्रत्येक खळग्यात काळीभोर सावली भरली!

"आई, पणती हलवू नकोस!" राही ओरडली. "पुनवेला चंद्रावर ऊन समोरून पडतं. सावलीच नाही, तर खळगे दिसणार कसे? अर्ध्या चंद्रावर, उजेड-अंधाराच्या काठाशी ऊन तिरपं येतं!"

"आणि अमावास्येनंतर अष्टमी-नवमी येते ती सुट्टीतच!" विठूने टाळी वाजवली. "काका चुकले नव्हते गो!"

सावित्रीबाईने पदर डोळ्यांना लावला.

नवमीच्या संध्याकाळी तिघे सावित्रीबाईला घेऊन शाळेत पोहोचले. पडवीत ओल्या चुन्याचा वास दरवळत होता. भिंत पांढरीफटक होती!

"गडी आजच मोकळा होता," हेडमास्तर सहज म्हणाले. "आणि दुर्बीण मुलांच्या हाती मिळायची नाही."

राहीने भिंतीवर तळवा टेकला. तो पांढरा झाला. विठू तिच्या कानाशी लागला, "रडू नकोस, माझ्यावर सोड." मग तो मोठ्याने म्हणाला, "बाबू, तू म्हणतोस ते खरंच. काच बुरसली असणार. बंदरातल्या बोटीवरचं नावसुद्धा दिसायचं नाही."

"बुरसली? माझ्या देखरेखीखाली?" हेडमास्तर ताडकन उठले. त्यांनी दुर्बीण पटांगणात आणून बोटीवर रोखली. "बघ! अक्षर न् अक्षर वाच!"

"सर, बोट उलटी झाली!" विठू ओरडला.

"गाढवा, आकाशाच्या दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं!"

"मग चंद्रही उलटा दिसेल?" असे म्हणत राहीने दुर्बीण वर फिरवली, हळूहळू सरकवली आणि ती श्वास रोखून थांबली. "सर, आता आपण पाहा."

हेडमास्तर वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. अंधाराच्या काठावर ते पुराणे कडे उभे होते. त्याच्या पोटात सावल्यांनी भरलेले खळगे एकामागून एक लहान होत गेले होते.

"उतरंडच आहे," ते पुटपुटले. सावित्रीबाईसमोर त्यांनी हात जोडले. "वहिनी, मी उतावळेपणानं बोललो. साऱ्या गावासमोर बोललो, तेव्हा साऱ्या गावासमोरच शब्द मागे घेईन. शाबास, मुलांनो! मास्तर असते, तर..."

भिंत सुकल्यावर त्यांनी गाव जमवला आणि आपला शब्द पाळला. मग राहीच्या हाती त्यांनी कोळसा दिला. तिने कडे काढले. ते थोडे वाकडे आले.

"होतं तसंच आलं ना?" त्यांनी विचारले.

"नाही, सर. बाबांचा हात निराळा होता."

"असू दे गो," सावित्रीबाई म्हणाली. "तू डोळ्यांनी पाहिलंस ना? मग काढ."

राहीने मान डोलावली आणि सर्वांत लहान खळगा काढण्यासाठी ती पुन्हा भिंतीकडे वळली.