खडपावर शेजारी बसलेली

हे घडले आहे. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खोटे रचून कुणाला घाबरवण्याची मला हौस नाही.

गेल्या माघी अमावास्येची सकाळ. देवगडच्या अलीकडचे एक गाव. माझा मुलगा सुमंत तेथे बदलीवर होता. मी नागपूरहून महिनाभरासाठी गेले होते.

सून गार्गी शेजारच्या गोपिकेबरोबर कालवे काढायला निघाली. ओहोटीला समुद्रातले खडप, म्हणजे खडकांचा पट्टा, उघडे पडते. बायका कोयतीने दगडाला चिकटलेले शिंपले फोडून आतली कालवे काढतात.

"नागपूरची सून समुद्रात दगड फोडून राहिली! लोक काय म्हणतील?" मी म्हटले.

"रस्सा मात्र दोनदा मागून घेता तुम्ही, आई," ती हसली.

माझे गुडघे खडपावर चालण्याजोगे नाहीत. मी किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसले. गोपिकेचा नवरा वसंत उथळ पाण्यात जाळे फेकत होता.

आमच्या घरी एक शिस्त आहे. मी "ऊठ" म्हटल्याशिवाय सून हातातले काम सोडून उठत नाही. ती शिस्त मीच लावली. तिचा मला अभिमान होता.

आठ वाजता भरती चढू लागली. बायका टोपल्या घेऊन परतल्या.

गार्गी आली नाही.

ती खडपाच्या टोकाला बसली होती... आणि तिच्या शेजारी एक म्हातारी. पाठमोरी.

"ती कोण गं?" मी गोपिकेला विचारले.

"खंय? थंय वयनी एकटीच आसा, आजी."

मी उभी राहिले. "गार्गी! ऊठ!"

पन्नास वर्षे या आवाजाने घर चालवले आहे.

गार्गीने मान वळवली. माझ्याकडे नाही... शेजारी. जणू परवानगी विचारली. मग पुन्हा खाली वाकली.

टक्... टक्... टक्...

लाट तिच्या मांडीवरून गेली. मग कमरेवरून.

मी ओरडत राहिले. घसा बसला. पुढे एक पाऊलही टाकता येईना.

वसंतने जाळे सोडले, होडी लोटली. दंडाला धरून तिला ओढले, तेव्हा ती झगडत होती. वाऱ्यावर शब्द आले.

"सोडा मला! आई अजून ऊठ म्हणाल्या नाहीत!"

होडी निघाली. म्हातारी उठली नाही... बसल्या जागीच पाण्याखाली गेली.

किनाऱ्यावर मला पाहताच गार्गी मागे सरकली.

"तुम्ही इथे? मग माझ्याजवळ कोण बसलं होतं? हेच करवतीकाठी पातळ... हाच आवाज. मी म्हटलंसुद्धा, आई, पाणी येऊन राहिलं. तर म्हणाल्या, बस. मी सांगेन तेव्हा ऊठ."



आता आम्ही सगळे नागपुरात, नंदनवनातल्या घरी आहोत. मी हाक मारली, की गार्गी आधी माझा पदर चाचपते. कोरडा असला तरच बोलते. पूर्वी असे कुणी माझ्यासमोर केले नसते. आता मी मुकाट्याने उभी राहते.

परवा दुपारी तिने पदर हातात घेतला...

आणि सोडून दिला. आत जाऊन दार लावले.

मी पदर पाहिला. ओला होता.

सकाळपासून मी पाण्याजवळ गेलेच नव्हते.

सुमंत म्हणतो, "आई, तिला एकदा जवळ बसवून घे. तुझंच ऐकेल ती."

बस, असे तिला मी आता कोणत्या तोंडाने म्हणू?