तंबोऱ्याचा चढलेला सूर

"अहो, तो मी टाकलाय."

"म्हणूनच घेतोय," तो म्हणाला.

श्रावणातला पहिला रविवार होता. भद्रकालीत बद्रुद्दीनचाचांच्या भंगाराच्या दुकानापुढे बारीक पाऊस पडत होता. रद्दी, फुटका मिक्सर आणि माझा इलेक्ट्रॉनिक तंबोरा मी पिशवीतून काढते न काढते, तोच एका मुलाने ती तंबोऱ्याची पेटी उचलली. शर्टाच्या बाहीने तिच्यावरचे थेंब पुसले... इतक्या हळुवारपणे, की मला उगीच अपराधी वाटलं.

चाचा हसले. हा रंगनाथ, अंबडच्या कंपनीत मशिनी दुरुस्त करतो, म्हणाले. सुट्टीच्या दिवशीही चैन पडत नाही. दर रविवारी इथून मेलेले रेडिओ नेतो आणि पुढच्या रविवारी वाजते करून दाखवायला आणतो.

"काय बिघडलंय याचं?" रंगनाथने विचारलं.

"त्याला काही नाही झालं. मला झालंय. माझा सूर उतरतो."

मग त्या अनोळखी माणसाला, छत्रीखाली उभी राहून, मी सगळं सांगून बसले. मी कीर्तन करते. पूर्वरंगात, म्हणजे अभंगाच्या निरूपणात, सगळं सुरळीत चालतं. उत्तररंगात आख्यान रंगात आलं, की माझा आवाज आणि तंबोरा यांची फारकत होते. रोजच्या सरावात तेच. आईचा कान कीर्तनं ऐकून ऐकून तयार झालेला, ती मायेनेच म्हणाली, "मंजू, तुझा दम पुरत नाही गं." श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी सायखेड्याच्या मंदिरात माझी पहिली स्वतंत्र कीर्तनसेवा ठरली होती. आज संध्याकाळीच फोन करून मी नकार कळवणार होते.

"यंत्र तपासलंत?"

"यंत्र कसं चुकेल?"

"मला पगार चुकणाऱ्या यंत्रांचाच मिळतो," तो म्हणाला. "फोन पुढच्या रविवारपर्यंत थांबवा ना... माझ्यासाठी नको, याच्यासाठी." आणि पेटीवर टिचकी मारली.

पुढच्या रविवारी तो पंचवटीत आमच्या घरी आला. गाण्यातलं काही कळत नाही, आकडे तेवढे कळतात, हे त्याने आधीच कबूल केलं. फोनवरच्या ॲपने माझा षड्ज मोजला, तंबोऱ्याचा मोजला, दोन्ही कागदावर लिहिले. मग मी पाऊण तास गायले. तो मांडी घालून बसला होता, आणि ज्याला गाण्यातलं कळत नाही त्याने बघावं त्याहून जरा जास्तच माझ्याकडे बघत होता. शेवटी त्याने तंबोऱ्याचा षड्ज पुन्हा मोजला, तंबोरा बंद केला, मला नुसता षड्ज लावायला सांगितला, तोही मोजला आणि कागद पुढे सरकवला.

"तुम्ही जिथे होतात तिथेच आहात, मंजुषा. हा चढलाय."

आत कुठला तरी बारीकसा भाग होता, तो तापला की सूर हळूहळू वर सरकायचा. मी खाली उतरतच नव्हते. तंबोरा मला सोडून वर जात होता. वर्षभर मी देवापुढे बसून स्वतःलाच दोष देत आले होते. आईने पदर तोंडाशी धरला. मग आत जाऊन तिने त्याच्यासाठी गरम थालीपीठ आणलं आणि वर लोण्याचा एवढा गोळा ठेवला, की तो बिचारा थालीपीठ शोधत राहिला.

एका टाकलेल्या रेडिओतून काढलेला भाग त्याने तंबोऱ्यात बसवला. मग चाचणी घ्यायला बुधवारी आला. शुक्रवारी आला. रविवारी आला. दर वेळी मी गायचे, तो आकडे लिहायचा आणि मान हलवून म्हणायचा, अजून... किंचित... हलतोय.

"अहो रंगनाथ," आई म्हणाली, "ही दुरुस्ती आहे की चातुर्मासाचं व्रत?"

त्याचे कान लाल झाले. कागद माझ्यासमोरच होता. आकडा बुधवारपासून तसूभरही हलला नव्हता.

"हलतोय गं आई," मी म्हणाले. "मलाही जाणवतं."

सायखेड्याला गोदावरी दुथडी भरून वाहत होती. सोमवारी दुपारी मी नारदाच्या गादीवर उभी राहिले. सुदाम्याचं आख्यान लावलं होतं. पाऊण तास झाला, सुदामा द्वारकेच्या दाराशी येऊन थांबला आणि मी डोळे मिटून वरचा षड्ज लावला. तो तंबोऱ्यात असा मिसळला, की माझा कुठला आणि त्याचा कुठला, मलाच कळेना. सभामंडपात कुणी खोकलंसुद्धा नाही.

आरतीनंतर लोक रांगेने पाया पडायला आले. तो नमस्कार मला नसतो, गादीला असतो. तरी संकोच वाटतोच. आणि रांगेत, कपाळाला बुक्का लावलेला रंगनाथ. सगळे वाकतात ते बघून तोही वाकू लागला. मी पाय मागे घेतले.

"काय झालं?"

"तुम्ही नका."

"का? सगळे तर—"

"सगळ्यांना पडू द्या. तुम्हाला पडायचंच असेल, तर... आईच्या पडा. आणि मनात काय आहे ते सांगा तिला. चाचणीचं निमित्त नको."

तो तसाच अर्धवट वाकलेला राहिला. मागून एक आजीबाई म्हणाल्या, "सरक की रे बाळा, आमाला बी पडू दे."

"तुमच्या मनात काय आहे, तेही सांगू त्यांना?" त्याने हळूच विचारलं.

"सांगा," मी म्हणाले.

आई पलीकडे खांबाशी बसली होती. तो तिच्या दिशेने निघालेला तिने पाहिला, पदर सारखा केला आणि दुमडलेले पाय सावकाश पुढे घेतले.