डाव्या हाताचं वय

आमच्या विभागात माणसाचं वय हाडांवरून काढतात. म्हणजे एक्स-रे मी काढते, वय डॉक्टर काढतात. ज्या मुलाच्या जन्माचा कागद नाही, किंवा दोन आहेत आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही, असं मूल आमच्याकडे येतं. डावा हात प्लेटवर ठेवायचा, बोटं किंचित फाकवायची, हलायचं नाही. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी बारीक फटी असतात; वाढ संपत येते तशा त्या मिटतात. मनगटातली आठ छोटी हाडं तर जन्मतः एक्स-रेत दिसतच नाहीत, पुढे एकेक करून उगवतात. डॉक्टर फिल्म हाडांच्या ॲटलासमधल्या चित्रांशी ताडून बघतात आणि वय सांगतात, वर्षभर इकडे-तिकडे. ॲटलासमधले सगळे हात डावे आहेत, म्हणून आम्हीही डावाच घेतो. कारण एवढंच.

माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत कागद एकच होता आणि तो खोटा होता. आई-बाबा दोघंही नोकरीला जायचे, घरी तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून बाबांनी शाळेत तिचं वय एका वर्षाने वाढवून सांगितलं. खरा दाखला घर बदलताना हरवला आणि ते प्रसूतिगृहही बंद पडलं. इतकी वर्षं कुणाचं काही अडलं नाही. आता पोहण्याच्या संघात तिची निवड अडली होती. संघ सोळा वर्षांखालच्या मुलींचा, आणि शाळेच्या हिशेबाने मासोळी सोळाची झाली होती. मासोळी हे बाबांनी ठेवलेलं नाव. चार वर्षं ती पहाटे उठून तलावावर जात होती.

"मी जन्म दिलाय तिला," आई डॉक्टरांना म्हणाली. "पंधराचीच आहे."

"आईची साक्ष आम्ही धरत नाही," डॉक्टर हसले. "माझ्या आईला विचाराल तर मीही अजून लहानच आहे."

मासोळी सरावावरून थेट आली होती, केस ओलेच. तिने हात प्लेटवर टेकवला आणि शहारली.

"काय गार आहे गं ताई! आमची भिंत बरी."

"कुठली भिंत?"

"तलावाची. चौथ्या लेनला, खोल बाजूची. हात लावला की उबदार लागते. बाळाच्या तळव्यासारखी."

"हलू नकोस."

पडद्यावर जो हात उमटला तो आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा होता. आकार मोठा, पण सगळ्या फटी सताड उघड्या, आणि मनगटातलं एक हाड उगवलेलंच नव्हतं. दुसऱ्या कुणाची फाइल उघडली असं मला वाटलं. मग करंगळीतली अंगठी दिसली. आईची बारीक अंगठी. मासोळी काढायला विसरली होती. आणि लक्षात आलं की तिने बडबडीच्या नादात उजवा हात ठेवला होता.

मी तिला चार शब्द सुनावले आणि डावा घेतला. डाव्यात बोटांच्या फटी मिटलेल्या, मनगटाजवळची तेवढी पुसट.

"पंधरा," डॉक्टर म्हणाले. "घ्या. आई जिंकली."

मी त्यांना उजव्याची फिल्म दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला, बराच वेळ बघितलं.

"मिसळली असेल कुणाची तरी."

"अंगठी तिचीच आहे, सर."

"उजवा काढायला तुला सांगितलं कुणी? ॲटलास डाव्याचा, नियम डाव्याचा. एका माणसाची दोन वयं लिहून पाठवू निवड समितीकडे? मग बसा वर्षभर वाट बघत." त्यांनी पडदा बंद केला. "दाखला पुढच्या आठवड्यात घेऊन जा."

दोन हातांच्या हाडांत काही महिन्यांचा फरक पडू शकतो. सहा-सात वर्षांचा पडत नाही. मी माझ्या उजव्या हाताचीही फिल्म काढून बघितली. सगळं मिटलेलं, चोवीस वर्षांच्या माणसाचं असावं तसं. मशीन ठीक होतं.

पुढच्या आठवड्यात ती दाखला न्यायला आली तेव्हा मी म्हटलं, "उजवा ठेव जरा. मशीन तपासतेय."

मनगटातली आणखी हाडं गेली होती. झिजली नव्हती, मोडली नव्हती. ती अजून उगवायचीच होती. हाताचं वय तीनच्या पुढे नव्हतं.

"दुखतो का हात? मुंग्या येतात?"

"छे. उलट मस्त चाललंय. भिंतीशी पोचले की कुणीतरी टाळी देतं."

"कुणी?"

"भिंत गं! तुला साधी गंमत कळत नाही."

मी तिला दोन्ही फिल्म शेजारी-शेजारी दाखवल्या. ती हसायची थांबली. हात तिने आधी डोळ्यांसमोर धरला, मग पाठीमागे नेला.

"कुणाला सांगितलंस?"

"सांगायला हवं. मोठ्या डॉक्टरांना दाखवू आपण."

"डावाच मोजतात ना? तूच म्हणालीस. संघ जाहीर होईपर्यंत थांब ना. ताई, प्लीज."

मी थांबले. दाखल्यावर सही झाली, शिक्का बसला. पंधरा.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मी तलावावर गेले. उंच खिडक्यांतून ऊन पाण्यावर पडलं होतं. चौथ्या लेनच्या खोल टोकाला काठावर पालथी झोपून मी खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. टाइल्स गार होत्या. तिसऱ्या लेनला गार, पाचव्या लेनला गार. पुन्हा चौथ्या लेनला आले आणि बोटांना सुरकुत्या पडेपर्यंत तळवा भिंतीला लावून ठेवला. काही झालं नाही. मला इतकं हायसं वाटलं की तिथेच हसू आलं.

"काय हरवलं?" मागून तिचे प्रशिक्षक म्हणाले. ओळख दिल्यावर ते खूश झाले. "निवड झाली तिची, आजच कळलं. फ्रीस्टाइलमधून ब्रेस्टस्ट्रोकला घेतोय. उद्यापासून सराव. एकच खोड आहे तिची, भिंतीला नेहमी उजवा हात लावते. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तसं चालत नाही. दोन्ही हात एकदम लागावे लागतात, नाहीतर बाद."

घरी आले तेव्हा ती पलंगावर बसून बॅग भरत होती. स्वयंपाकघरात आई कुणाला तरी फोनवर बातमी सांगत होती. मी तिच्याशेजारी बसले.

"ती ऊब अजून लागते?"

"लागते की."

"बाळाच्या तळव्यासारखी?"

तिने जरा विचार केला. "नाही. आता मोठा झालाय तळवा. माझ्याएवढा. बोटांना बोटं बरोबर जुळतात."

तिचा उजवा हात चादरीवर उताणा पडला होता. बोटं थोडी दुमडलेली. बाहेरून काहीच वेगळं दिसत नव्हतं. मी माझं बोट तिच्या तळव्यावर आडवं ठेवलं.

मूठ मिटली.

नवजात बाळं असं करतात. तळव्याला काही लागलं की धरतात. ते ठरवून धरत नाहीत. काही महिन्यांत ही सवय आपोआप जाते. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

मी बोट ओढून बघितलं. पकड आणखी घट्ट झाली.

"सोड," मी म्हटलं.

"काय सोडू?" माझ्याकडे न बघता ती डाव्या हाताने बॅगेची चेन लावत होती. "सर म्हणाले, उद्यापासून डावाही लावायचा."