अर्थिंगचं पाणी

त्या दिवशी काम काही मोठं नव्हतं. वांग्यांना पाणी सोडायचं होतं, एवढंच. वडनेरला गावाबाहेर आमचा भाजीचा मळा आहे. मळ्यातच घर, घरामागे विहीर, आणि मागच्या भिंतीला मोटारीचा बोर्ड. वैशाख चालू होता. दिवस मावळायला आला तरी भिंतीला हात लावला की चटका बसायचा. माझा नवरा अंकुश बाजारातून यायचा होता, मी कांदे निवडत बसले होते, म्हणून मोटार चालू करायला आमची लेक अंकिता गेली.

बोर्डाखाली जमिनीत अर्थिंगचा खड्डा आहे, कोळसा आणि मीठ घालून भरलेला. हा खड्डा म्हणजे माझ्या सासूबाईंचा, कुंताबाईंचा, भारी लाडका. वायरमन डोमाजींनी बोर्डात नवी एमसीबी बसवली तेव्हा सगळ्यांना समजावलं होतं, की करंट वाट चुकला की हे बटण डोळ्याचं पातं लवायच्या आत खाली पडतं आणि वीज तोडतं. पण त्यासाठी खड्ड्यातली माती ओली पाहिजे. आम्ही माना डोलावल्या आणि विसरून गेलो. सासूबाईंनी मात्र ते मनावर घेतलं. रोज दिवेलागणीला तुळशीला पाणी घातलं की दुसरा तांब्या खड्ड्यात.

"मातीले तहान लागली त ते बटन काऊन पडन?" असं मलाच सुनवायच्या.

मी हसायची. एकदा चिडवलं, आत्याबाई, खड्ड्याला हळदीकुंकूही वाहा. दुसऱ्या दिवशी खरंच वाहिलेलं होतं! अशी ती बाई. सांभाराच्या जुड्या बांधून बांधून त्यांच्या हातांना कोथिंबिरीचा वास कायमचा बसला होता. अंकिता तर लहानपणी त्यांचा हात नाकाशी धरूनच झोपायची. फाल्गुनात तापाचं निमित्त झालं आणि त्या गेल्या. घर कसं रिकामं झालं ते सांगता येत नाही.

तर मी कांदे निवडत होते. मोटारीची घरघर सुरू झाली. मग एकदम बोर्डातून आवाज आला, टक. घरघर थांबली. त्यानंतर इतकं सामसूम झालं, की विहिरीत ठिबकणारं पाणी मला अंगणात ऐकू येत होतं.

धावत मागे गेले. अंकिता मोटारीशेजारी अनवाणी बसली होती, पांढरीफटक.

"आई, पाइपाले हात लावला त झिणझिण्या आल्या... मंग कोनी तरी बंद केली."

"कोनी?"

"दिसलं नाई... पन सांभाराचा वास आला. आजीच्या हाताचा."

मी तिला छातीशी धरलं. आमच्या मळ्यातला सांभार उन्हानं चैत्रातच जळून गेला होता. तरी तो वास मलाही येत होता, अगदी ताजा, आत्ताच कुणी काडी मोडावी तसा.

अंकुश डोमाजींना घेऊनच आला. उंदरानं वायर कुरतडली होती, करंट थेट पाइपात उतरला होता. डोमाजींनी वायर बदलली, बोर्ड तपासला आणि वाकून खड्ड्यातली माती चिमटीत घेतली.

"बरं झालं, तुमी पानी टाकत राह्यले," ते म्हणाले. "हे कोरडं असतं त बटन पडलंच नसतं. पोरगी पाइपालेच..."

ते अंकिताच्या डोक्यावर हात ठेवून निघून गेले.

अंकुशनं हळूच विचारलं, "तू टाकत होती काय?"

मी नकारार्थी मान हलवली. मला वाटत होतं तो टाकतो. आम्ही दोघं खड्ड्याजवळ गेलो. सगळीकडे जमिनीला भेगा, आणि तेवढीच माती काळी, ओली. तिच्या कडेला चिमूटभर कुंकू होतं.

भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण रडूही आलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

त्यानंतर रोज दिवेलागणीला मी तांब्या घेऊन जायची आणि माती आधीच भिजलेली असायची. शेवटी मला राहवेना. जिवंतपणी बाईला विसावा नाही, आता तरी असावा ना. खड्ड्याजवळ उकिडवी बसून मी हलक्या आवाजात म्हटलं, "आत्याबाई, उद्यापासून मी टाकीन. तुमी आराम करा..."

कडुलिंबाचं पानही हललं नाही. फक्त तो वास थोडा जवळ आला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी माती कोरडी होती. मला हायसं वाटायला हवं होतं; उलट एकदम पोरकं वाटलं. बाप-लेक हिंगणघाटला गेले होते. घराला कुलूप, किल्ली माझ्या कमरेला. तांब्या आणायला मी कुलूप काढून आत गेले.

सकाळी घासून ओट्यावर पालथा ठेवलेला तांब्या सुलटा झाला होता आणि काठोकाठ भरलेला होता. वर सांभाराचं एक हिरवं पान तरंगत होतं.

पाणी अजून हलत होतं.